ईसी मीटरचा आकडा पटत नाही? खताच्या बाटलीला हात लावण्याआधी हे तपासा

गच्चीवरच्या किंवा बाल्कनीतल्या हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर भाजी वाढवताना, ईसी मीटरनं (ईसी म्हणजे पाण्याची वीजवाहकता) केलेलं खताचं मोजमाप बिघडलं की ते साधारण पुढच्या रूपांत समोर येतं. तुमचं यातलं कुठलं, ते आधी ओळखा.

- मीटर पाण्यात धरला की आकडा थांबतच नाही. १.२, १.५, १.१, परत १.४.
- दोन मीटर दोन वेगळे आकडे दाखवतात, आणि खरं कोणाचं मानायचं ते कळत नाही.
- खत टाकलं तरी आकडा हलत नाही. किंवा थोडंसं टाकलं आणि आकडा एकदम दुप्पट.
- आकडा अगदी बरोबर, तक्त्यात लिहिलाय तसा. पण कोवळी पानं पिवळी पडतायत, किंवा लेट्यूसच्या कडा करपतायत.
- रोज सकाळी आकडा आदल्या दिवसापेक्षा वर गेलेला असतो.
- पाणी बदललं त्याच दिवशी आकड्यानं उडी मारली, खताचं माप मात्र नेहमीचंच होतं.

ठाणे आणि नवी मुंबईत ओळखीपाळखीच्या लोकांचे सेटअप बघायला मी जातो. तक्रार जवळजवळ सारखीच असते : "अहो, खत कमी पडतंय की जास्त होतंय तेच कळत नाही." माझं मत ठाम आहे. बहुतेक वेळा टाकीत काही बिघडलेलं नसतं, मोजण्यात बिघडलेलं असतं. खरं नुकसान होतं ते त्या चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी खत ओततं किंवा टाकी पातळ करतं तेव्हा. म्हणून एक नियम पाळा : आकड्यावर विश्वास बसेपर्यंत खताच्या ए आणि बी या दोन्ही भागांच्या बाटल्यांची झाकणं बंद ठेवा. एक-दोन दिवस खत थोडं कमी-जास्त राहिलं म्हणून भाजी मरत नाही.

मीटर काय करतो ते दोन ओळीत सांगतो, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते लक्षात येईल. मीटरच्या टोकाला दोन छोट्या पिना असतात. त्यांच्यामधून पाण्यात बारीकसा वीजप्रवाह सोडला जातो. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहून नेत नाही. त्यात विरघळलेले क्षार नेतात. जितके क्षार जास्त तितकी वीज जास्त, तितका आकडा मोठा. म्हणजे मीटर खत ओळखत नाही, तो फक्त वीज किती सहज जातेय ते सांगतो. पिनांवर थर बसला, मध्ये हवेचा बुडबुडा अडकला, पाणी तापलं, पंपातून वीज झिरपली, टँकरच्या पाण्यातून मीठ आलं, यातल्या कशानंही आकडा बदलतो आणि मीटर त्याचं कारण सांगत नाही.

आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

याला पैसा लागत नाही, आणि दोन मीटरांचं भांडण निम्म्या वेळा इथेच मिटतं.

ईसी मोजण्याचं एकक मिलीसिमेन्स प्रति सेंटीमीटर. काही मीटर तेच मायक्रोसिमेन्समध्ये दाखवतात. १ मिली म्हणजे १००० मायक्रो. तेव्हा १.४१ आणि १४१३ हे आकडे एकाच पाण्याचे असू शकतात. बटण थोडा वेळ दाबून धरलं की बरेच मीटर एकक बदलतात, आणि मीटर खिशात असताना ते आपोआपही दाबलं जातं.

पीपीएमचा, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत क्षारांचे किती भाग याचा, गोंधळ याहून मोठा आहे. पीपीएम मीटर मोजत नाही, तो ईसी मोजून तिला एका ठरलेल्या संख्येनं गुणतो. काही कंपन्या ५०० नं गुणतात, काही ६४० नं, काही ७०० नं. १.४ ईसीचं पाणी एका मीटरवर ७०० पीपीएम दिसेल आणि दुसऱ्यावर ९८०. दोन्ही मीटर अगदी ठणठणीत. आता तुम्ही एखाद्या परदेशी व्हिडिओत ९८० ऐकलंत आणि तुमचा मीटर ५०० च्या मापाचा असेल, तर तुम्ही खत ओतत बसाल आणि ईसी दोनच्या जवळ नेऊन ठेवाल. लेट्यूसला ते जड जातं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की वहीत ईसी लिहा, पीपीएम लिहूच नका.

आरओ फिल्टरवाले वापरतात तो पेनासारखा स्वस्त टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर तुमच्याकडे असेल तर आणखी एक बघा. ९९९ च्या वर गेलं की त्यातल्या बऱ्याच मीटरांवर आकड्याच्या कडेला बारीक अक्षरात '×१०' येतं. १४४ च्या शेजारी ते चिन्ह असेल तर पाणी १४४० पीपीएम आहे. गच्चीवरच्या उन्हात ते चिन्ह दिसत नाही आणि माणूस "खत फारच कमी झालंय" म्हणून आणखी टाकतो. सावलीत नेऊन वाचा.

मीटर धरता कसा

टाकीत थेट मोजू नका. प्लॅस्टिकच्या मगानं मधलं पाणी काढा, स्वच्छ काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यात मोजा. पिना पूर्ण बुडाल्या पाहिजेत, पण मीटरवर खूण असते तिच्या वर पाणी जाता कामा नये. ग्लासाच्या तळाला किंवा भिंतीला टोक टेकवू नका. बुडवल्यावर हलक्या हातानं दोन-तीनदा ढवळा आणि टोक ग्लासाच्या आत हळूच टिचकी मारल्यासारखं हलवा, म्हणजे पिनांमधला बुडबुडा सुटतो. हा बुडबुडा डोळ्यांना दिसत नाही, पण तो आकडा खाली ओढतो. एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू असलेल्या टाकीत मीटर धरणाऱ्यांचा आकडा नाचतो तो बहुतेक याच्यामुळे.

मग थांबा. मीटर घरातल्या एसीत होता आणि पाणी गच्चीवर तापलेलं, तर मीटरचं टोक पाण्याइतकं तापायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. पाण्याची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. चांगले मीटर तापमान मोजून आकडा २५ अंशांवर आणून दाखवतात. पण त्यांचा तापमापकही त्याच टोकात असतो, त्याला वेळ द्यावा लागतो. ज्या मीटरला ही सोय नाही, त्याच्यावर मे महिन्यात ३५ अंशांच्या टाकीत २० टक्के जास्त आकडा दिसेल. असा मीटर असेल तर ग्लास घरात आणून पाणी गार होऊ द्या आणि रोज त्याच वेळी मोजा.

खत टाकल्या टाकल्या मोजण्यात अर्थ नाही. पंप चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाणी फिरू द्या. जिथे खत ओतलं तिथेच मोजलं तर दुप्पट दिसेल, लांबच्या टोकाला मोजलं तर काहीच बदल दिसणार नाही. "खत टाकलं तरी आकडा हलत नाही" या तक्रारीचं पहिलं उत्तर हेच.

ग्लासात एक, टाकीत दुसरा

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

ग्लासात मोजलेला आकडा स्थिर आहे, पण तोच मीटर टाकीत धरला की आकडा उड्या मारतो. असं झालं तर टाकीत बोटसुद्धा घालू नका. आधी कोरड्या हातानं पंपाचा प्लग भिंतीवरून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही पंपापर्यंत वीज पोचलेली असते. प्लग काढल्यावर टाकीत परत मोजा. आकडा शांत झाला, तर पंपाची वीज पाण्यात झिरपत असण्याची शक्यता धरून चालायचं. कूलरचे किंवा फिशटँकचे स्वस्त सबमर्सिबल पंप वर्षभर खताच्या पाण्यात राहिले की त्यांचं सील जातं, वायर जिथे पंपात शिरते तिथे तडा जातो.

कासारवडवलीच्या एका काकूंकडे आकडा नाचतो म्हणून नवा मीटर आणला होता. तोही नाचला. त्यांना पन्हळीला (झाडं लावतात त्या पाइपला) हात लावला की कधीकधी मुंग्या यायच्या, पण ते त्या "पाणी गार आहे म्हणून" असं समजायच्या. मुंग्या येणं म्हणजे वीज अंगातून जाणं. गच्चीवर आपण ओल्या फरशीवर, बऱ्याचदा अनवाणी उभे असतो.

इथे स्वतः दुरुस्ती करत बसायचं नाही. पंप उघडून एम-सील लावणं, वायरला टेप गुंडाळणं हे पाण्याखाली टिकत नाही. पंप फेकून द्या, नवा घ्या, आणि तो लावण्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावून दोन गोष्टी करून घ्या : गच्चीवरच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते तपासायचं, आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन लगेच तोडणारा स्विच) बसवायचा. जुन्या सोसायट्यांमध्ये घरातून खिडकीवाटे वर नेलेली एक्स्टेंशन वायर असते आणि तिच्यात अर्थिंगची तार नसतेच. तीन पिनांचा प्लग दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका.

सेल, मग सफाई

बटणसेल उतरले की काही मीटर बंद पडत नाहीत, चुकीचे आकडे दाखवत राहतात. स्क्रीन फिकट दिसली किंवा आकडा हळूहळू खाली सरकत राहिला तर आधी सेल बदला. झाकणाची रबरी रिंग नीट बसली का ते बघा. इथल्या पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढायला दोन आठवडेही पुरतात.

सेलनं फरक पडला नाही तर पिना भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठ्या करून बघा. खताचं पाणी वाळलं की पिनांवर पांढुरका किंवा पिवळट थर बसतो. मीटर वापरून तसाच झाकणात घातला की हा थर रोज थोडा वाढतो, आणि आकडा रोज थोडा कमी दिसतो. हे इतकं सावकाश होतं की लक्षात येत नाही. माणूस आकडा जागेवर आणायला रोज थोडं खत वाढवत राहतो आणि मग एक दिवस पानांच्या कडा जळतात.

सफाई अशी करा. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, त्यात फक्त टोक दहा मिनिटं बुडवून ठेवा. मऊ दातघासणीनं हलकं घासा, नळाखाली धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं खंगाळा. थर तेलकट असेल, शेवाळाचा असेल, तर लिंबूसत्वाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ब्लेड, सुरी, सँडपेपर लावू नका. पिनांमधलं अंतर आणि त्यांचा पृष्ठभाग यावरच सगळं मोजमाप उभं आहे. ओरखडा पडला की मीटर कायमचा बिघडतो.

यापुढे प्रत्येक वापरानंतर टोक साध्या पाण्यानं धुवा आणि पुसून कोरडं ठेवा. पाण्याची आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरचं मात्र उलटं आहे. त्याचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही, आणि ते आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यातही ठेवायचं नाही. त्याच्यासाठी पोटॅशियम क्लोराईडचं साठवणीचं द्रावण मिळतं. दोन्ही मीटर एकाच डब्यात, एकाच ओल्या कापडात ठेवणारे बरेच जण भेटतात. त्यात पीएच मीटर आधी मरतो.

मीटर खरा की खोटा, हे मिठानं बघा

कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर जुळवायचं, ठरलेल्या ईसीचं द्रावण मागवायला वेळ लागतो. तोवर घरात करता येण्यासारखी एक चाचणी आहे, आणि ती मला फार आवडते, कारण ती मीटर पाचशेच्या मापाचा आहे की सातशेच्या, तेही सांगते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी दोन लिटर आणा. आधी त्यात मीटर बुडवा. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. आला नाही तर पाणी खराब आहे किंवा मीटर. आता रोजचं साधं मीठ १० ग्रॅम मोजा. सैंधव, काळं मीठ नको. पावसाळ्यात मीठ ओलसर असतं आणि त्या ओलाव्याचंही वजन भरतं, म्हणून आधी कोरड्या तव्यावर परतून गार करून घ्या. हे मीठ डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करा. यातलं ५० मिलिलिटर औषधाच्या सिरिंजनं मोजून दुसऱ्या बाटलीत घ्या आणि डिस्टिल्ड पाणी घालून परत १ लिटर करा. थेट अर्धा ग्रॅम मीठ मोजायला सांगत नाही, कारण स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम विश्वासानं मोजता येत नाही.

२५ अंशांवर या पाण्याची ईसी साधारण १.० असते. मीटर ०.९ ते १.१ मध्ये दाखवत असेल तर तो कामाचा आहे. मीटर फक्त पीपीएम दाखवत असेल आणि ५०० च्या आसपास आकडा आला, तर तुमचं माप पाचशेचं. ७०० च्या आसपास आला, तर सातशेचं. ही संख्या चिकटपट्टीवर लिहून मीटरला चिकटवून टाका.

मिठाची चाचणी मीटर ढोबळमानानं ठीक आहे का एवढंच सांगते. मीटर नीट लावून (जुळवून) घ्यायचा तर १४१३ मायक्रोसिमेन्सचं कॅलिब्रेशन द्रावण लागतंच. ते विकत घेताना पुडीवरची मुदत बघा. पुडी फोडल्यावर द्रावण स्वच्छ, कोरड्या ग्लासात ओता, मीटर लावा आणि द्रावण फेकून द्या. वापरलेलं परत बाटलीत ओतलं की बाटली बिघडली. १४१३ हा आकडा २५ अंशांचा आहे. तापमानाची सोय नसलेल्या मीटरवर ते द्रावण ३० अंशांना १५५२ दाखवेल, आणि ते बरोबरच आहे. पुडीच्या मागे तापमानाचा तक्ता छापलेला असतो, त्यातला तुमच्या तापमानाचा आकडा धरा.

मीटर सुटला. आता पाणी

इथून पुढे आकडा खरा आहे असं धरून चालू. खत घालण्याआधीचं साधं पाणी मोजा, आणि प्रत्येक वेळी टाकी भरताना मोजा. एकदा मोजून ठेवलं म्हणजे झालं, असं आपल्या भागात चालत नाही.

नवी मुंबईच्या नोड्सना मिळणारं मोरबे धरणाचं पाणी आणि ठाण्याला मिळणारं भातसेचं पाणी, दोन्ही पावसानं भरणाऱ्या धरणांचं आणि नद्यांचं. ते मृदू असतं. नळाला त्याची ईसी सहसा ०.१ ते ०.२५ भरते. हायड्रोपोनिक्सला यापेक्षा चांगलं पाणी मिळणं कठीण. पण सोसायटीच्या खालच्या टाकीत फक्त तेच पाणी असतं का, हा प्रश्न आहे. घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर येतात. काही ठिकाणी बोअरचं पाणी खालच्या टाकीत सोडलं जातं. खाडीलगतच्या बोअरला मिठाची चव असते. सोमवारी ०.२ असलेलं पाणी गुरुवारी ०.९ झालेलं मी स्वतः मोजलं आहे, आणि घरच्यांना टँकर आल्याचा पत्ताही नव्हता.

हे का महत्त्वाचं ते बघा. तुम्हाला पालेभाजीसाठी १.४ ईसी हवी आहे. नळाचं पाणी ०.२ असेल तर १.२ चं खत त्यात गेलं. टँकरचं पाणी ०.९ असेल आणि तुम्ही आकडा बघून १.४ ला थांबलात, तर खत गेलं फक्त ०.५ चं. बाकी बहुतेक सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट. मीटर समाधानी, झाड उपाशी. आकडा बरोबर असून पानं पिवळी, याचं आमच्याकडचं सर्वांत नेहमीचं कारण हे.

पाणी ०.५ च्या वर गेलं तर त्यात आरओचं शुद्ध पाणी किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मिसळून खाली आणा. पहिल्या एक-दोन पावसांचं गच्चीवरून वाहिलेलं पाणी सोडून द्या, धूळ आणि कबुतरांची घाण त्यातच असते. आरओ फिल्टरमधून नळीवाटे वाया जातं ते पाणी मात्र टाकीत अजिबात नको. "वाया जातंय तर झाडांना घालू" हा विचार चांगला, पण फिल्टरनं काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जमलेले असतात. ते लादी पुसायला वापरा.

रोज चढणारा आकडा

झाड पाणी आणि खत एकाच प्रमाणात पीत नाही. उन्हात पाणी जास्त पितं, शिवाय टाकीतलं पाणी वाफेनंही जातं. क्षार मागे राहतात आणि आकडा चढतो. यात बिघाड काही नाही. टाकीवर मार्करनं पातळीची रेघ मारा. रोज आधी साध्या पाण्यानं रेघेपर्यंत भरा, फिरू द्या, आणि मगच मोजा. रेघेवर भरल्यानंतरही आकडा रोज चढत असेल तर तुम्ही घालता ते खत झाडाच्या भुकेपेक्षा जास्त आहे, थोडं कमी करा, किंवा भरायच्या पाण्यातच क्षार आहेत. उतरत असेल तर झाड खातंय, वाढवा. रेघेशिवाय घेतलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही, कारण तो खताचा बदल सांगतोय की पाण्याचा, तेच कळत नाही.

आकडा फार वर गेला असेल तर अंदाजानं पाणी ओतू नका, हिशेब करा. समजा ५० लिटरच्या टाकीत २.४ झालीय, हवी आहे १.६, आणि साधं पाणी ०.२ आहे. आत्ताच्यातून हवा तो आकडा वजा केला, ०.८. आत्ताच्यातून साध्या पाण्याचा वजा केला, २.२. पहिल्याला दुसऱ्यानं भागून ५० नं गुणलं की १८ लिटर येतात. तेवढं काढा आणि तेवढंच साधं पाणी घाला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, गटारात नको.

पावसाळ्यात उलट तक्रार येते, रात्रीत आकडा उतरला. टाकीचं झाकण आणि पन्हळींचे सांधे बघा, पाऊस आत शिरलाय.

खतातच गडबड

टाकीच्या तळाशी पांढरा, पिठासारखा गाळ दिसतोय का? ए बाटलीत कॅल्शियम नायट्रेट असतं, बी मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट अवस्थेत एकत्र आली की कॅल्शियम त्यांच्याशी जुळून खाली बसतं आणि परत विरघळत नाही. आकडा उतरतो, झाडाला कॅल्शियम मिळत नाही. ए टाका, नीट ढवळा, मग बी टाका. दोन्हींना माप वेगळं ठेवा. एकच झाकण न धुता दोन्हीला वापरलं की त्याच्या आतल्या कडेला पांढरी रेघ धरते, तो हाच गाळ. बाटली वापरण्याआधी हलवा, थंडीत तळाशी खडे बसतात.

दुसरी गोष्ट. बरेच जण ए-बी महाग पडतं म्हणून शेतीच्या दुकानातलं १९:१९:१९ वापरतात. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि युरिया पाण्यात विरघळला तरी वीज वाहून नेत नाही. मीटरला तो दिसतच नाही. आकडा कमी वाटतो, माणूस आणखी टाकतो. शिवाय त्यात कॅल्शियम नसतं. जीवामृताचंही तसंच, ते जमिनीसाठी उत्तम, पण त्याची ताकद ईसी मीटरनं मोजता येत नाही.

आणि टाकी जुनी झाली असेल तर कितीही अचूक मोजा, उपयोग नाही. झाड त्याला हवं ते उचलतं, नको ते मागे ठेवतं. तीन आठवड्यांनी १.४ तीच असते, आतलं वेगळं असतं. दोन-तीन आठवड्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून नव्यानं भरा. पिवळेपणावर हा उपाय प्रयोगशाळेत पाणी तपासून घेण्यापेक्षा स्वस्त आहे, म्हणून त्याआधी हा करा.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या म्हणजे ईसी जास्तच झाली असं धरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे कॅल्शियम टोकापर्यंत पोचत नाही, आणि ईसी १.० असतानाही कडा जातात. छोटा पंखा लावून हवा खेळती ठेवा. भर दुपारी झाडं माना टाकत असतील तर आधी मुळं बघा आणि टाकीत थर्मामीटर घाला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी असतील तर तो मुळकुजीचा प्रश्न आहे, ईसी वरखाली करून सुटणार नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

पंपातून वीज झिरपण्याची शंका आली तर लगेच, बाकी काही तपासत न बसता. इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत प्लग काढलेलाच राहू दे. पन्हळीतलं पाणी मुळांपाशी काही तास टिकतं. उन्हाळा असेल तर झाडं पन्हळीतून काढून मुळं बादलीतल्या खताच्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवा.

सेल बदलून, सफाई करून, ताज्या द्रावणानं लावूनही मीटर १० टक्क्यांहून जास्त चुकत असेल, किंवा आज लावला आणि आठवड्यात परत सरकला, तर पेन मीटर उघडून दुरुस्त होत नाही. नवा घ्या. महागडा, वायरवाल्या प्रोबचा (मोजायच्या सुट्या टोकाचा) असेल तर विकणाऱ्याकडे फक्त प्रोब बदलून मिळतो का विचारा.

आपोआप खत सोडणारी यंत्रणा बसवली असेल आणि आकडा पटत नसेल, तर आधी खताचे छोटे पंप बंद करा, हातानं मोजून चालवा, आणि बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. ईसी आणि पीएचचे प्रोब टाकीत शेजारी शेजारी असतील तर ईसीच्या प्रवाहानं पीएचचा आकडा ढळतो. तेही त्याला बघायला सांगा.

नळाच्या पाण्याची ईसी अचानक कित्येक पट झाली आणि टँकर, बोअर काहीच मिसळलेलं नाही, तर ती बाब हायड्रोपोनिक्सपुरती राहत नाही. तेच पाणी घरात पितात. कमिटीला त्याच दिवशी सांगा, तपासणी होईपर्यंत ते पिऊ नका, आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार करायला लावा. टाकीला तडा जाऊन शेजारचं सांडपाणी आत येत असेल तर उकळण्यानं क्षार जात नाहीत.

पाणी चांगलं, खत ताजं, मीटर तपासलेला, टाकी नव्यानं भरलेली, आणि तरी नवी पानं पिवळीच येत असतील, तर घरातल्या साधनांचं काम संपलं. एनएबीएल मान्यता असलेल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत दोन नमुने द्या : एक खत न घातलेल्या पाण्याचा, एक टाकीतला. प्रत्येकी एक लिटर, त्याच पाण्यानं तीनदा खंगाळलेल्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, वर तारीख आणि तुम्ही मोजलेली ईसी लिहून, त्याच दिवशी पोचते करा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट, नायट्रेट आणि पोटॅशियम वेगवेगळं मागा. नुसता "टीडीएस" लिहिलेला अहवाल घेऊ नका, तो आकडा तुमच्या मीटरनं आधीच दिलेला आहे.